चोच शाबूत आहे का?

आज संध्याकाळी फोनवर माझ्या धाकट्याचा आवाज आनंदी होता, आणि तेव्हापासून मी टेबलाशी जागी बसून आहे. मुलगा आनंदी आहे म्हणून जिवाला घोर लावून घेणारी आई जगात मी एकटीच असेन. पण मी त्याला ओळखते. खचलेला असतो तेव्हा तो नीट विचार करतो. कुठे थोडी आशा दिसली की मात्र दुसऱ्याला शिकवलेलं शहाणपण स्वतः गुंडाळून ठेवतो.

माझा हा धाकटा मुलगा शिलाई मशीन दुरुस्त करतो. घरात त्याला सगळे मिस्त्री म्हणतात. त्याची बायको म्हणते, आता त्याची लहान मुलगीही म्हणते आणि तिला कोणी रागावत नाही. नाव ठेवलं मीच. तो शाळेत असताना एका सुट्टीत त्याने माझं मशीन पूर्ण सोडवून वर्तमानपत्रांवर मांडलं होतं. मी वाचनालयातल्या कामावरून घरी आले तर दारापासून खिडकीपर्यंत लोखंड. मी पिशवी खाली ठेवली आणि म्हटलं, "आता हे जोडणार कोण, मिस्त्री?" त्याने जोडलं. दोन स्क्रू उरले. मशीन मात्र आधीपेक्षा बरं चालायला लागलं. ते दोन स्क्रू त्याच्या दुकानात एका छोट्या बाटलीत आहेत. कोणी गिऱ्हाईक फार मागे लागलं की तो बाटली उचलून दाखवतो आणि म्हणतो, "घाईत केलं की हे उरतात. चालतील का?"

कॉलेज त्याने अर्ध्यावर सोडलं. तेव्हा आमच्या घरात बरेच दिवस फक्त भांडी बोलत होती. एक दिवस त्याचे बाबा त्याला चार शब्द सुनवायला म्हणून दुकानात गेले, ते दिवे लागल्यावर परत आले. मी विचारलं, "बोललात का?" म्हणाले, "कुठलं बोलणं. त्याला तिसरा हात लागत होता. बॅटरी धरून बसलो होतो." त्यानंतर ते हयात होते तोपर्यंत आठवड्यातून एखादी दुपार बॅटरी धरायला जात.

दुकान म्हणजे एका जुन्या इमारतीच्या जिन्याखालची खोली. उंच माणसाला आतल्या बाजूला वाकूनच उभं राहावं लागतं. भिंतीला लावलेल्या फळ्यांवर मशीनची मुंडकी ओळीने बसलेली, खाली डब्यांत सुया, बॉबिन, पट्टे, आणि सगळ्यावर तेलाचा वास. कोणी मशीन घेऊन आलं आणि काय बिघडलं ते सांगू लागलं की तो हात वर करतो. सांगू नका म्हणतो. मग चाक हाताने सावकाश फिरवतो, मान कलती करून ऐकतो. माझ्या सुनेचं म्हणणं असं, की मशीनने कुरकुर केली तर हा जेवणावरून उठून तेल घालतो, आणि तिने केली तर म्हणतो नंतर बोलू. ती हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत काम करते, निम्मा महिना रात्रपाळी. दोघांची भेट पुष्कळदा चहाच्या कपावरच होते.

जुन्या मशीनचे भाग आता कोणी बनवत नाही. म्हणून तो इंटरनेटवर लिलावाच्या साइटवरून मोडकी मशीन घेतो. पाहिजे तो भाग काढून घेतो, बाकीचं नीट करून पुन्हा तिथेच विकतो. तिथलं लिहिण्याचं काम माझ्याकडे आहे. तो लिहायला बसला की तार केल्यासारखं लिहितो: मशीन चालू, चाक ठीक, न्या. अशाने कोण घेणार? तो फोटो पाठवतो, फोनवर सांगतो, आणि मी इथे, दुसऱ्या गावात, माझ्या टेबलाशी बसून त्याचं मराठीत, इंग्रजीत नीट वर्णन करते. ईमेलचा पत्ता आमचा दोघांचा एकच. त्याला आलेलं सगळं मला दिसतं.

त्यामुळे खोट्या ईमेल ओळखायला मी त्याच्याकडूनच शिकले. अगदी सुरुवातीला एक ईमेल आली. साइटचंच चिन्ह, साइटचाच रंग, आणि मजकूर असा, की तुमचं खातं बंद होत आहे, वाचवायचं असेल तर इथे दाबून पासवर्ड टाका. मी घाबरून फोन केला. तो म्हणाला, "रंग बघू नकोस आई, पत्ता बघ. पाठवणाऱ्याच्या नावावर बाण ठेव, खरा पत्ता दिसतो." पाहिलं तर त्या पत्त्यात साइटचं नाव होतं खरं, पण पुढे भलतंच शेपूट. मग म्हणाला, "आता त्या बटणावर बाण नुसता ने. दाबू नकोस हं. खाली कोपऱ्यात काय लिहून येतं?" ते तिसरंच काहीतरी होतं.

दुसऱ्या वेळी एका चिडलेल्या गिऱ्हाइकाची ईमेल. पैसे घेऊन माझी पिवळी सायकल अजून पाठवली नाही, उद्या तक्रार करतो, खाली दाबून उत्तर द्या. आम्ही आयुष्यात सायकल विकली नव्हती. तरी मी माफीचं पत्र लिहायला घेतलं होतं. कोणाचा तरी गैरसमज झालाय, बिचारा वाट बघत असेल, असं मला वाटलं. तो इतका हसला की मागून सूनबाई विचारायला लागली काय झालं. "आईने सायकलवाल्याची समजूत काढायला घेतलीय." मग मला नीट सांगितलं. "राग आणायचा किंवा भीती घालायची, म्हणजे माणूस पटकन दाबतो. आपण काय करायचं? ईमेल तिथेच सोडायची. साइट स्वतः उघडायची, आतल्या इनबॉक्समध्ये बघायचं. तिथे तोच निरोप असेल तर खरा. नसेल तर सायकल."

तेव्हापासून आमच्या घरात अशा ईमेलला सायकल म्हणतात. आज सायकल आली का, असं नात विचारते. मी प्रत्येक ईमेल दोनदा तपासते म्हणून सून मला हवालदार म्हणते. म्हणू दे.

आता बॅगवाल्या ताईंचं सांगायला हवं, कारण सगळं तिथून सुरू झालं. दुकानासमोरच्या गल्लीत त्यांचा छोटा कारखाना आहे. कारखाना म्हणजे एक लांब खोली, तीन बायका आणि कातड्याच्या, कॅनव्हासच्या बॅगांचा ढीग. प्लंबर, वायरमन वगैरे लोक अवजारांसाठी वापरतात तसल्या जाड बॅगा. त्यांचं एक फार जुनं मशीन आहे, जाड कातडं शिवणारं. त्याच्या तोंडात नखाएवढा वाकडा लोखंडी तुकडा असतो, तो दोरा पकडून वर ओढतो. मिस्त्री त्याला चोच म्हणतो. चोच नसली की ते सगळं मशीन म्हणजे नुसतं ओझं.

त्यांनी मशीन सफाईला दिलं होतं. बिघडलेलं नव्हतं. एका दुपारी मला त्याचा फोन आला. दुपारी तो कधीच फोन करत नाही.

"आई, माझ्या हातून मोडली."

"काय मोडलं?"

"चोच. बसवताना जोर लागला. बिस्किटासारखी तुटली गं."

मी म्हटलं, "सांग ताईंना. माणसाच्या हातून होतं."

"हो गं," म्हणाला. आणि त्याने ताईंना सांगितलं ते असं, की चोच झिजलेली होती, गेली, नवी मिळेपर्यंत थांबावं लागेल. हे त्यानेच मला नंतर सांगितलं. सुनेलाही त्याने तेच, झिजल्याचंच, सांगितलं आहे. खरं काय ते त्याला आणि मला माहीत. ताईंना त्याने दुकानातलं दुसरं एक मशीन वापरायला दिलं, पण ते जाड कातड्याला दमतं. मोठं काम त्यांना परत पाठवावं लागलं. रोज सकाळी त्याने दुकान उघडलं की त्या त्याच्या दारात डोकावतात. "काय मिस्त्री, माझं मशीन तुझ्याकडे माहेरपणालाच आलंय का रे? पाठवणी कधी?" त्या हसून म्हणतात. पोरगा त्या हसण्याने वाळत चालला आहे.

त्याने सगळीकडे शोधलं. तुटलेले तुकडे जोडून पाहिले, टिकले नाहीत. लेथवाल्याकडून नवी चोच घडवून घेतली, ती दोरा कापायला लागली. आणि मग लिलावाच्या साइटवर अगदी तसंच मशीन आलं. बंद पडलेलं, भागांसाठी म्हणून विकायला काढलेलं. फोटो सगळे बाहेरून. त्याने मला फोन करून मालाखाली प्रश्न लिहायला सांगितला आणि मी तो लिहिला: चोच शाबूत आहे का? आतला फोटो पाठवू शकाल का? विकणाऱ्याने उत्तर दिलं नाही. तरी हा बोली लावत राहिला. शेवटच्या क्षणी कोणीतरी वर गेलं आणि मशीन हातचं गेलं.

त्या दिवसापासून तो एकेका शब्दात बोलत होता. जेवलास? हो. झोपलास? हो.

आणि आज संध्याकाळी फोन.

"आई, अगं मिळालं."

"काय?"

"मशीन. जिंकणाऱ्याने हात वर केले, त्याला नकोय. दुसऱ्या नंबरला मीच होतो ना. विकणाऱ्याने मला विचारलंय. ईमेल बघ ना, आलीय."

मी फोन कानाला धरूनच ईमेल उघडली. असं होतं, हे मला माहीत आहे. जिंकणारा फिरला की साइट दुसऱ्याला विचारते. विकताना आम्हीही एकदा तसं विचारलं होतं. म्हणूनच मी आधी खूश झाले. मग वाचत गेले आणि गार पडले. पाठवणाऱ्याचा पत्ता साइटचा नव्हता, कुठलाही नव्हता, नुसती अक्षरं आणि आकडे. पैसे साइटमधून न देता थेट एका बँकेच्या खात्यात टाकायला सांगितलं होतं, साइटचा खर्च दोघांचाही वाचेल म्हणून. आणि उद्या बँक उघडल्यावर लगेच, कारण आणखी एक जण मागतो आहे. मी दुसरी खिडकी उघडून साइटच्या आत पाहिलं. इनबॉक्समध्ये काही नव्हतं.

"अरे, ही सायकल आहे," मी म्हटलं.

"नाही गं."

"आत निरोप नाहीये. मी आत्ता पाहिलं."

"त्याने लिहिलंय ना, साइटला कळवलं की ते पैसे कापतात. म्हणून बाहेरून लिहिलं. मीच विकत असतो तर मलाही वाटलं असतं."

"तुला कधी वाटलंय का? तूच सांगतोस बाहेर जायचं नाही."

"आई, तू फोटो पाहिलास का? खालचा?"

फोटो मी पाहिला होता. मशीनचं तोंड उघडलेलं, आणि आत ती वाकडी चोच, तेलाने चकाकणारी.

"मी मोठा करून पाहिलाय. चोच खरी आहे. टोकाजवळ घासलेली आहे, तशी ती वापराने घासते. असं कोणाला खोटं करता येणार नाही. आपण विचारलं होतं ना, आतला फोटो पाठवा? त्याने पाठवला."

"आपण विचारलं ते मालाखाली विचारलं होतं. ते कोणीही वाचू शकतं, मिस्त्री. तू दुसऱ्या नंबरला होतास तेही."

"मग फोटो कुठून आला?"

"जगात एकच का मशीन आहे तसलं? लिलावाच्या फोटोत ते फरशीवर ठेवलंय. इथे हिरवं टेबल आहे."

"तोंड उघडायचं तर टेबलावर घ्यायला नको?"

 मी म्हटलं, "सूनबाईला विचार एकदा."

"ती ड्युटीवर गेली. आणि आई, खरं सांगू का, तू प्रत्येक ईमेलला हवालदारासारखी काठी आपटतेस. एखादी खरीही असते."

"असते. ही नाही."

 मग त्याचा तो आनंदी आवाज पुन्हा आला, आणि मला तो ऐकवेना. "उद्या संध्याकाळपर्यंत बघ. ताईंना मी सांगूनही टाकलंय, भाग मिळाला म्हणून. त्यांनी त्या परत पाठवलेल्या कामाच्या माणसाला फोनही केला. चल, झोपतो आता. बऱ्याच दिवसांनी झोप येतेय." आणि ठेवला. रात्री तो फोन बंद करून झोपतो.

म्हणजे आता तो मागेही फिरू शकत नाही. ताईंना शब्द देऊन बसला आहे.

मला सुचलं ते सगळं मी केलं. साइटच्या आतून खऱ्या विकणाऱ्याला लिहिलं, तुम्ही आम्हाला विचारलं आहे का, फक्त हो किंवा नाही कळवा. अजून उत्तर नाही. मालाखालच्या प्रश्नालाही ज्याने उत्तर दिलं नाही तो एवढ्यात देईल असं वाटत नाही. ती ईमेल साइटकडे तक्रार म्हणून पाठवली. आपोआप येणारं उत्तर आलं: आपला निरोप मिळाला, आम्ही लवकरच पाहू. पाहतील. तोपर्यंत बँक उघडलेली असेल. सुनेला फोन लावला, तिचा फोन कामावर कपाटात असतो. सकाळी ती घरी येईल तेव्हा तो बाहेर पडलेला असेल, आणि भेटली तरी ती काय सांगणार? खरी गोष्ट तिला माहीत नाही.

मघापासून मी ती ईमेल कितीदा उघडली आणि मिटली. खोटेपणाच्या सगळ्या खुणा तिच्यात आहेत, आणि त्या सगळ्या मला त्यानेच शिकवल्या आहेत. पत्ता बघ, घाई बघ, बाहेर नेतात का बघ. तो यातलं काही विसरलेला नाही. ती ईमेल त्याने वाचलीच नाही, त्याने फक्त चोच पाहिली. आयुष्यभर त्याने तेच केलं आहे. बोलणाऱ्याकडे लक्ष द्यायचं नाही, हात वर करून त्याला गप्प करायचं आणि मशीन बघायचं. ते मशीन खरंच आहे, कुठेतरी, कोणाच्या तरी हिरव्या टेबलावर. त्यात त्याचं काही चुकलेलं नाही. ईमेल लिहिणाऱ्याकडे मात्र ते नाही, आणि हे त्याला चाक फिरवून कळणार नाही.

मी सकाळी पुन्हा सांगीन. तो ऐकून घेईल, हो गं म्हणेल आणि जाईल. मला त्याचं हो गं पाठ आहे. अशा वेळी मी आणखी पुरावे दिले तर तो आणखी उत्तरं शोधेल. पैसे जातील, ते पुढेमागे उभे करेल. पण उद्या तो पैसे पाठवून वाट बघत बसेल, आणि परवा, तेरवा, रोज सकाळी ताई दारात डोकावतील, आणि चोच येणार नाही. तेव्हा या मुलाचं काय होईल, ते मी मनातही आणू शकत नाही. दोन स्क्रू उरले म्हणून तो अजून बाटली सांभाळतो.

त्याला थांबवू शकेल अशी एकच व्यक्ती आहे. ताई त्याच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, मिस्त्री, मला घाई नाही, तो भाग मागवू नकोस, तर तो थांबेल. दुसऱ्या कोणाच्या म्हणण्याने नाही. पण त्यांनी असं का म्हणावं? उलट त्यांनी तर काम परत मागून घेतलं आहे. त्यांना सांगावं लागेल की हा एवढा घायकुतीला का आला आहे. म्हणजे चोच झिजली नव्हती, त्याच्या हातून मोडली, आणि तो तुमच्याशी खोटं बोलला, हे मला सांगावं लागेल. त्याने जगात एकट्या मला सांगितलेली गोष्ट.

ताई कशा घेतील ते ठाऊक नाही. तोंडाने त्या फटकळ आहेत. कदाचित मशीन उचलून दुसऱ्याकडे नेतील, गल्लीभर बोलतील. कदाचित सगळं ऐकून म्हणतील, मग मी काय करू, तुमचा मुलगा आहे. आणि त्याला कळलं की आईने सांगितलं, तर तो मला यापुढे काही सांगणार नाही. जेवलास? हो. झोपलास? हो. एवढंच उरेल, कदाचित मी आहे तोपर्यंत. न सांगता त्यांना थांबवता येईल का, याची वाक्यं मी जुळवून पाहिली. एकही नीट उभं राहिलं नाही.

माझी औषधं आणि चष्मा ज्या कॅनव्हासच्या बॅगेत असतात ती ताईंनीच दिलेली. मागच्या खेपेला मी दुकानात बसले होते तेव्हा हातात प्लास्टिकची पिशवी पाहून म्हणाल्या होत्या, "मिस्त्रीच्या आईने हे धरून फिरायचं? आमची अब्रू काढता होय?" आणि दुसऱ्या दिवशी ही आणून दिली. आतल्या कप्प्याला कापडाची पट्टी शिवलेली आहे, तिच्यावर कारखान्याचा फोन नंबर छापला आहे. पट्टीची शिवण जाड, सरळ, एकसारखी. त्या मशीनवरची आहे ती, चोच असतानाची.

ताई कारखाना लवकर उघडतात, त्याच्या दुकानाच्या आणि बँकेच्याही बऱ्याच आधी. नंबर मी कागदावर उतरवून घेतला आहे, म्हणजे सकाळी चष्मा शोधत बसायला नको. उजाडलं की पहिला फोन त्यांना करणार आहे. आधी म्हणेन, मी मिस्त्रीची आई बोलतेय. पुढचं मला अजून जमलेलं नाही.